कमी आकड्यांची वस्ती

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं ते रात्रशाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांच्याविषयी बोलायला माझ्याहून अधिकारी माणसं समोर बसली आहेत, म्हणून मी थेट विषयाला हात घालतो. संयोजकांनी तो प्रश्नाच्या रूपातच दिला आहे : आपला परिसर सुरक्षित आहे का?

पुण्यात या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे. एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा, २०२२ सालाबद्दलचा अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये आला. त्यात महानगरांची तुलना आहे. लाख लोकांमागे दखलपात्र गुन्हे कोलकात्यात ८६.५, पुण्यात २८०.७ आणि हैदराबादेत २९९.२. पुणे हे देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं सुरक्षित शहर, असे मथळे झळकले आणि आपण ते व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवलेही. २०२३ मध्येच २७ जूनला सदाशिव पेठेत, पेरुगेटाजवळ, भररस्त्यात एक तरुण कोयता घेऊन एका मुलीमागे धावत होता. तिला वाचवलं ते स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांनी. पोलीस चौकी तिथून हाकेच्या अंतरावर होती. चौकीत हजर नसल्याबद्दल काही पोलीस कर्मचाऱ्यांना नंतर निलंबित करण्यात आलं.

आता यातलं खरं काय मानायचं? मथळा खोटा नव्हता आणि कोयताही खोटा नव्हता. एका घटनेवरून शहराला नावं ठेवणं बरोबर नाही, हे मलाही मान्य आहे. पण एका आकड्यावरून शहराची पाठ थोपटणंही तितकंच चुकीचं आहे. मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. गुन्ह्यांचा आकडा आधी पोलीस ठाण्याविषयी बोलतो. वस्तीविषयी तो बोललाच तर नंतर, आणि तेही अडखळत.

गुन्हा घडला की तो आपोआप आकड्यात जाऊन बसत नाही. ज्याच्यावर बेतली त्याला आधी वाटावं लागतं की तक्रार करून काही उपयोग आहे. मग त्याला कामाचा खाडा करून ठाण्यात जावं लागतं. ‘ही आमची हद्द नाही’ हे ऐकून परत न फिरण्याइतका चिवटपणा अंगी लागतो. त्यानंतर ठाणे अंमलदार ठरवणार की प्रकरण दखलपात्र आहे की एनसी करून भागणार आहे. एनसी म्हणजे अदखलपात्र. तिच्यात न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपासच सुरू होत नाही. या सगळ्या चाळण्यांतून जे उरतं ती प्रथम खबर, आपली एफआयआर. आणि एकाच घटनेत घरफोडीही झाली, मारहाणही झाली आणि खूनही झाला, तर एनसीआरबीच्या मोजणीत त्यातला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा धरतात. बाकीचे दोन कुठेच नाहीत.

भागाकाराची गंमत वेगळीच. महानगरांचे दर काढताना लोकसंख्या धरली आहे ती २०११ च्या जनगणनेची. पुण्यासाठी साडेपन्नास लाख. हिंजवडी आणि वाघोलीकडे नुसतं सकाळी नऊ वाजता जाऊन आलं तरी या आकड्याचं काय झालं असेल ते कळतं. म्हणजे खरी लोकसंख्या घातली तर आपला दर आणखी खाली येईल. आनंद मानायचा की नाही, ते थोडं पुढे ठरवू.

आमच्या गल्लीत इस्त्रीचं दुकान चालवणारे एक काका आहेत. रात्री कपडे पोचवून परत येताना मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांच्या हातातला मोबाईल हिसकावला. मी त्यांच्याबरोबर चौकीत गेलो. अंमलदार तरुण होता, उद्धट मुळीच नव्हता. त्यानं आधी काकांना बसायला खुर्ची दिली. मग विचारलं, “बिल आहे का, काका? आयएमईआय नंबर? गाडीचा नंबर पाहिला?” यातलं काही नव्हतं. “मग कुणावर लिहायचं? कोर्टाच्या चकरा तुम्हालाच पडतील. असं करा, गहाळ लिहून घेऊ. दाखला आत्ता देतो, उद्या त्यावर सिम चालू होईल.” काकांचा चेहरा एकदम उजळला. त्यांना मोबाईल नको होता, नंबर हवा होता. साऱ्या गिऱ्हाइकांकडे तोच नंबर होता. मी मध्ये बोलायला गेलो तर त्यांनीच माझा हात दाबला. ‘मोबाईल प्रवासात कुठेतरी पडून गहाळ झाला’ असं लिहिलेल्या कागदावर त्यांनी सही केली आणि आम्ही बाहेर पडलो.

त्या कागदावर गुन्हा नाही. गुन्हेगारही नाही. दोन मोटारसायकलस्वार त्या रात्री आमच्या वस्तीच्या इतिहासातून पुसले गेले. आणि यात खलनायक कोण, असं विचाराल तर मला तो चौकीत दिसला नाही. तो दिसतो वरच्या मजल्यावर, दर महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये. तिथे प्रत्येक ठाण्याच्या प्रमुखाला विचारतात, गेल्या वर्षी या महिन्यात जबरी चोऱ्या किती होत्या, यंदा किती. यंदाचा आकडा मोठा असेल तर साहेबांची बोलणी बसतात. विधानसभेत प्रश्न येतो, वर्तमानपत्रात रकाना येतो. शिवाय लिहिलेला प्रत्येक गुन्हा म्हणजे तपासाचं एक जादा ओझं, आणि तपासाला माणूस कुठला? तो गणपतीच्या नाहीतर मंत्र्यांच्या बंदोबस्ताला. मग न लिहिण्यातच सगळ्यांचं भलं. पोलिसांच्या बोलीत याला बर्किंग म्हणतात. शब्द इंग्रजांच्या काळातला, सवय स्वराज्यातही टिकलेली.

ही सवय मोडायला सर्वोच्च न्यायालयानं आपल्या परीनं प्रयत्न केला. ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली तर एफआयआर लिहिणं बंधनकारक आहे. खरं-खोटं नंतर पाहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं, कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यावी, हेही कायद्यात आणलं. झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. पण त्याच संहितेच्या पहिल्या अनुसूचीत एक बारीक नोंद आहे, तिच्याकडे फार कुणाचं लक्ष गेलेलं नाही. चोरीच्या ज्या छोट्या प्रकरणांत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या माणसाला, माल परत केल्यावर, समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे, म्हणजे माल पाच हजार रुपयांच्या आतला आहे, ती तिथे अदखलपात्र म्हटली आहेत. हातगाडीवाल्याचा गॅस सिलिंडर, शाळकरी पोराची सायकल, कामाला जाणाऱ्या बाईचा साधा मोबाईल, या साऱ्यांची किंमत पाच हजारांच्या आत बसते. फ्लॅटमधला लॅपटॉप बसत नाही. एकही चोर न सुधारता चोऱ्यांचा आकडा खाली येऊ शकतो, आणि तो खाली येणार गरिबाच्या वस्तीत. पुढची काही वर्षं चोऱ्या घटल्याचं कुणी जाहीर केलं तर ही नोंद आठवा.

आकडे पार निरुपयोगी आहेत, असं मात्र मी म्हणत नाही. काही आकडे बऱ्यापैकी खरे बोलतात. खुनाचा आकडा त्यातला. प्रेत लपवणं कठीण असतं. वाहनचोरीचाही, एफआयआर दाखवल्याशिवाय विमा कंपनी पैसे देत नाही, म्हणून तिथे फिर्यादी हटून बसतो. चोरीला गेलेली स्कूटर सहसा ‘गहाळ’ होत नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. उलट छेडछाड, घरातली मारहाण, खंडणी, किरकोळ लूट यांचे आकडे वाचताना हातचं राखूनच वाचावं लागतं. केरळचा गुन्हेदर वर्षानुवर्षं उत्तर प्रदेश आणि बिहारच्या कितीतरी वर आहे. म्हणून कोणी लेकीला नोकरीसाठी कोचीऐवजी पाटण्याला पाठवल्याचं मी ऐकलेलं नाही. आणखी एक उदाहरण देतो. देशात २०१२ मध्ये बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले, २०१३ मध्ये ३३,७०७. एका वर्षात तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढ. देशातले पुरुष एका वर्षात इतके बिघडले का? मधल्या काळात दिल्लीतलं सामूहिक बलात्काराचं प्रकरण झालं होतं, लोक रस्त्यावर आले होते, आणि लैंगिक गुन्ह्याची तक्रार न घेणाऱ्या पोलिसाला तुरुंगवासाची शिक्षा सांगणारं कलम १६६-अ दंड संहितेत आलं होतं. वाढल्या त्या तक्रारी. ही वाढ मला तरी वाईट बातमी वाटत नाही.

वाईट बातमी कशी असते ते नागपूरच्या कस्तुरबानगरनं दाखवलं. दलित आणि कष्टकरी कुटुंबांची ही झोपडपट्टी. तिथे अक्कू यादव नावाच्या गुंडाची दहशत दहा वर्षांहून जास्त चालली. हप्ते, मारहाण, घरात घुसून बायकांवर अत्याचार. त्याला अटक होई, जामीन मिळे आणि तो पुन्हा गल्लीत दिसे. त्याच्यावर गुन्हे नोंदलेले होते, पण वस्तीनं सोसलं त्याचा तो एक तुकडाच होता. बायका नंतर सांगत, की तक्रार ठाण्यात नेली तर ती आधी त्याच्या कानावर जाते. अशा वस्तीत कोण तक्रार करणार? म्हणजे जिथे सर्वांत जास्त घडत होतं तिथूनच सर्वांत कमी लिहिलं जात होतं. कस्तुरबानगरचा त्या काळातला आकडा एखाद्या अधिकाऱ्यानं शांततेचा पुरावा म्हणून दाखवला असता, तर कागदोपत्री त्याला खोटं पाडता आलं नसतं.

१३ ऑगस्ट २००४ रोजी दुपारी अक्कू यादवला जिल्हा न्यायालयात आणलं होतं. बायकांचा जमाव कोर्टाच्या खोलीत घुसला आणि त्यानं त्याला तिथेच ठार केलं. पोलिसांनी काही जणींना पकडलं तेव्हा वस्तीतल्या बायका म्हणाल्या, आम्हा सगळ्यांनाच पकडा. खटला दहा वर्षं चालला आणि २०१४ मध्ये पुराव्याअभावी सारे सुटले. पुढे त्यावर ‘२०० हल्ला हो’ हा हिंदी चित्रपट आला, मालिका आली. त्यातला जयजयकाराचा सूर मला पटत नाही. न्यायालयाच्या भिंतीआड, आरोपी सरकारच्या ताब्यात असताना त्याचा खून होणं, ही व्यवस्थेची पुरती शोभा आहे. आणि त्या बायकांनी आपल्या हातांवर रक्त का म्हणून घ्यावं? पण एक गोष्ट ध्यानात घ्या : दहा वर्षांच्या न लिहिलेल्या तक्रारी त्या दुपारी एका खोलीत जमा झाल्या होत्या. त्या एकेक करून ठाण्याच्या डायरीत चढल्या असत्या तर कस्तुरबानगर देशातली सर्वांत बदनाम वस्ती ठरली असती, आणि बहुधा त्या खोलीत कुणी मेलं नसतं.

सभागृहात मुलींचे आईबाप बरेच आहेत, म्हणून एक नाजूक गोष्ट बोलून टाकतो. वस्तीतली छेडछाड कमी करण्याचा एक हमखास उपाय आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मुलीला सातच्या आत घरात घ्यायचं, क्लास बदलायचा, फारच झालं तर लग्न उरकून टाकायचं. रस्त्यावर मुलगी नाही, म्हणून छेडछाड नाही, म्हणून आकडा नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईवर ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११ मध्ये लिहिलं. त्यांचा सवाल असा, की बाईला काही काम नसताना रस्त्यावर नुसतं रेंगाळता येतं का? माझ्या मते वस्तीच्या सुरक्षिततेची याहून चोख परीक्षा नाही. आपल्या चौकात रात्री दहा वाजता कट्ट्यावर पुरुष बसलेले असतात. तिथे दोघी जणी विनाकारण गप्पा मारत बसलेल्या तुम्ही शेवटच्या कधी पाहिल्या? मी आठवायचा प्रयत्न केला. आठवल्या त्या फक्त नवरात्रातल्या.

आता ज्या गावानं तक्रारी दडपण्याच्या उलट वाट धरली त्याबद्दल. भिवंडी. यंत्रमागांचं गाव, बाहेरून आलेल्या मजुरांनी ठासून भरलेलं. १९७० ची दंगल इथली; न्या. मादन आयोगानं तिची चौकशी केली. १९८४ ला पुन्हा आग लागली. दंगलीचं गाव अशीच ख्याती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. शांतता समित्या तोवरही होत्या, पण त्यांत कोण असत? दोन्हीकडचे पुढारी, दंगल पेटल्यावर फोटोपुरते एकत्र येणारे. खोपड्यांच्या समित्यांत गल्लीतली साधी माणसं होती, दोन्ही धर्मांची सारखी, आणि त्यांच्याबरोबर बसायला साहेबाऐवजी खालचा पोलीस, शिपाई-हवालदार. बैठका दंगल नसताना होत. विषय काय? नळावरचं भांडण, गटार, पोरांची हाणामारी, लाउडस्पीकर. वर्तमानपत्रात ज्यांना दोन ओळी मिळणार नाहीत असेच.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत जे झालं ते न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे : ९०० माणसं मेली. त्याच दिवसांत, मुंबईपासून पन्नास किलोमीटरच्या आत, भिवंडी शांत राहिली. योगायोग म्हणून सोडून देता येईल इतकी ती गोष्ट लहान नाही. पुढे १९९४ पासून मुंबईतही मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली. ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांनी ती उभी केली.

भिवंडीत नेमकं काय बदललं, याचं माझं उत्तर असं : चौकीची पायरी चढायला कारण किरकोळ असलं तरी चालू लागलं. नळाच्या भांडणासाठी जो माणूस हवालदाराला नावानं ओळखतो, तो गल्लीत तलवारी आल्याचंही त्याच हवालदाराला सांगतो. ज्या वस्तीत माणूस पहिल्यांदाच ठाण्यात जातो तो थेट मोठी आपत्ती घेऊन, तिथे तो बहुधा जातच नाही. अशा समित्या चालू झाल्या की पहिल्या वर्षी तक्रारी वाढतात, हे उघड आहे. ज्या अधिकाऱ्याला महिन्याच्या मीटिंगमध्ये या वाढीचा जाब द्यावा लागणार आहे, तो समित्या कशाला काढेल? खोपड्यांसारखी माणसं बदलून गेली की त्यांच्या कामाला बहुतेक ठिकाणी उतरती कळा का लागते, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

कॅमेऱ्यांविषयी कोणीतरी विचारणारच, म्हणून दोन वाक्यं. कॅमेऱ्यानं चोर नंतर सापडायला मदत होते, आणि ती मोलाची आहे. पण कॅमेरा धावून जात नाही. पेरुगेटाजवळ धावली ती माणसं.

मग सुरक्षितता मोजायची कशी? ब्रिटननं १९८२ पासून एक साधा उपाय धरला आहे. पोलिसांच्या वहीवर विसंबायचं नाही. घरोघरी जाऊन विचारायचं, गेल्या वर्षभरात तुमच्यावर काय बेतलं आणि त्यातलं पोलिसांना काय सांगितलं. या दोन उत्तरांतली तफावत हीच खरी माहिती. जानेवारी २०१४ मध्ये तर तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणानं इंग्लंड-वेल्सच्या पोलीस नोंदींवरच्या गुन्हे-आकडेवारीचा ‘नॅशनल स्टॅटिस्टिक्स’ हा दर्जाच काढून घेतला, कारण नोंदी विश्वासार्ह राहिल्या नव्हत्या. आपल्याकडे मुंबईत प्रजा फाउंडेशननं घरोघरची पाहणी केलेली आहे. सरकार दरवर्षी नियमानं अशी पाहणी करत नाही. पण एका वॉर्डापुरती ती करायला सरकार कशाला हवं? आपल्याकडे महाविद्यालयं आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं आहेत. झाडं लावून त्यांचे फोटो काढून झाले असतील तर हे काम त्यांना द्या.

आणि पुढच्या वेळी ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक गणेशोत्सवाच्या बैठकीला येतील तेव्हा ‘साहेब, गुन्हे वाढलेत’ असं म्हणू नका. त्यानं फक्त पुढच्या वर्षी गहाळचे दाखले वाढतील. विचारा की वर्षात गहाळचे दाखले किती दिले आणि मोबाईलचोरीच्या एफआयआर किती झाल्या. एनसी किती झाल्या आणि किती प्रकरणांत तपासाची परवानगी मागितली. दुसऱ्या हद्दीच्या किती तक्रारी झिरो क्रमांकानं घेतल्या. हे आकडे ठाण्यात असतात आणि माहिती अधिकारात मागताही येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशामुळे, नाजूक प्रकरणं वगळता, एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावी लागते. आपल्या ठाण्याच्या महिन्याभराच्या एफआयआर एका रविवारी बसून वाचा आणि मग वाण्याला, रिक्षावाल्याला, धुणीभांडी करणाऱ्या बाईला विचारा, की या महिन्यात काय काय झालं. दोन याद्या जुळतात का ते पाहा.

एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. कलम १७३ मध्येच तसं लिहिलेलं आहे. ठाण्यानं नकार दिला तर पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांना लेखी तक्रार पाठवता येते, आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. तेव्हा तुमचा किंवा तुमच्या इस्त्रीवाल्या काकांचा मोबाईल कुणी हिसकावला, तर तो गहाळ होऊ देऊ नका. त्यांच्याबरोबर जा, बसून राहा आणि प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका. आपल्या वस्तीचा आकडा त्यानं वाढेल. वाढू द्या.